आयर्विन पुलावरची प्रेमकथा : ती १९६७ ची, तो २०१९ चा, आणि शेवट जमत नाही

प्रश्न : कृष्णाकाठचा वाचक

नमस्कार. गेले वर्षभर मी एक दीर्घकथा लिहितो आहे आणि तिच्या शेवटाशी येऊन पूर्णपणे अडलो आहे. विज्ञानकथा वाचणारे आणि जुनी सांगली पाहिलेले असे दोन्ही प्रकारचे वाचक येथे असल्यामुळे कथेचा आराखडा मोकळेपणाने मांडतो.

कुमुद १९६७ साली विलिंग्डन महाविद्यालयात बी.ए. करते आहे. वय १९. घर कृष्णेपलीकडच्या सांगलीवाडीत, त्यामुळे आयर्विन पूल ओलांडून सांगलीत यायचे आणि तेथून विश्रामबागेला जायचे, हा तिचा रोजचा रस्ता. अनिकेत त्याच महाविद्यालयात २०१९ साली शिकतो. १९१९ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाची तेव्हा शंभर वर्षे भरत आहेत आणि त्या निमित्ताने जुन्या सांगलीची छायाचित्रे गोळा करण्यासाठी तो नदीकाठी हिंडतो आहे. दोघांची भेट पुलावर होते.

काळ ओलांडण्यासाठी मला यंत्र नको होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात आणि पावसाळ्यात सारी सांगली त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेली असते. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. माझ्या कथेचा नियम असा आहे की दोन्ही वर्षांतील पाणी ज्या क्षणी एकाच उंचीवर असेल, त्या क्षणी पूल ओलांडणारा माणूस दुसऱ्या वर्षात उतरतो. त्यामुळे त्यांच्या भेटी नदी ठरवते. महाबळेश्वरला किती पाऊस झाला आणि कोयनेतून किती विसर्ग सोडला, हे अनिकेत मोबाइलवर पाहतो, तर कुमुदचे वडील संध्याकाळी काठावर जाऊन पाणी पाहून येतात आणि ती त्यांच्या बोलण्याकडे कान लावून असते. जून आणि जुलै असे जातात. ऑगस्टमध्ये २०१९ चा महापूर येतो. पाणी ५७ फुटांच्या वर चढते, २००५ चा पूरही त्यापुढे कमी ठरतो, आणि १९६७ ने एवढे पाणी पाहिलेलेच नसल्यामुळे दोघांमधली वाट बंद होते. पूर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या आरंभी, ती एकदाच पुन्हा उघडते, आणि सांगलीतल्या हरभट रोडवर पाणी, सांगलीवाडी पाण्यात, असे पुराचे सारे अनिकेत कुमुदला सांगतो.

आता अडचण. कुमुदची थोरली बहीण कोयनानगरला राहते, कारण तिचे यजमान तेथील प्रकल्पावर नोकरीला आहेत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप होणार आहे, त्यात सुमारे १८० माणसे दगावणार आहेत, हे अनिकेतला ठाऊक आहे आणि सांगावे की सांगू नये या विचाराने तो तीन महिने तळमळतो. हा भाग मला साधला आहे असे वाटते. शेवट मात्र साधत नाही. कुमुद २०१९ मध्ये निघून आली, तर ती आईवडिलांच्या दृष्टीने नाहीशी झालेली मुलगी ठरते आणि हे क्रौर्य मला लिहवत नाही. अनिकेत मागे राहिला, तर तो कोणत्या कागदपत्रांवर, कोणाचा कोण म्हणून जगेल? दोघे पुलावर निरोप घेऊन वेगळे झाले, तर तो शेवट वाचकाने पहिल्याच पानावर ओळखलेला असतो. मधल्या काळात एक चौथी युक्ती सुचली होती : कुमुदच्या सांगण्यावरून वाचलेल्या बहिणीचे मूल म्हणजेच अनिकेतचे वडील. रचना घट्ट बसली, पण मग कुमुद त्याच्या आजीची सख्खी बहीण होते, आणि नात्याने आजी लागणाऱ्या मुलीवरचे प्रेम माझ्याच्याने लिहिले जाईना. ती पाने काढून टाकली.

या तीन शेवटांपलीकडे काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १ : चौथी मिती

मी पदवीच्या वर्गांना भौतिकशास्त्र शिकवत असे. पाण्याची पातळी जुळण्याची कल्पना मला मनापासून आवडली, परंतु तिच्यात एक मोठे भोक आहे आणि ते आधी बुजवायला हवे. पावसाळा संपला की नदीची पातळी आठवडेच्या आठवडे फारशी हलत नाही. मग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोन्ही वर्षांचे पाणी दिवसेंदिवस जुळलेलेच राहील, पूल सताड उघडा राहील आणि पुलावरून जाणारी बैलगाडी २०१९ मध्ये येऊन उभी राहील. त्यासाठी दोन अटी घाला : तारीख तीच असावी आणि दोन्हीकडचे पाणी चढते असावे. चढते पाणी केवळ पावसाळ्यातच मिळते. या अटींमुळे सप्टेंबरची भेट आपोआप शेवटची ठरते आणि भूकंपाच्या दिवशी अनिकेत कोणत्याही मार्गाने तेथे पोहोचू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. भूतकाळ बदलतो की नाही, हे लेखकाने पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी ठरवायला हवे, आणि आपल्या आराखड्यात ते अजून ठरलेले दिसत नाही. तर्कशास्त्रज्ञ गोडेलने १९४९ साली सापेक्षतेच्या समीकरणांतून असे विश्व काढून दाखवले की ज्यात प्रवासी पुढे जात जात स्वतःच्याच भूतकाळात पोहोचतो, तेव्हापासून हा प्रश्न गणितातही खरा झाला आहे. त्याला दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे नोव्हिकोव्ह या रशियन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा सुसंगतीचा नियम : प्रवासी भूतकाळात जाऊन जे काही करील, ते त्या भूतकाळात आधीपासून घडलेलेच असते, त्यामुळे काहीही बदलत नाही. दुसरे उत्तर भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटने १९५७ साली मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेवर उभे राहते : काही बदलले की नवी शाखा फुटते आणि जुनी शाखा जशीच्या तशी राहते.

प्रेमकथेला दुसरे उत्तर मारक आहे, असे माझे ठाम मत आहे. शाखा फुटत असतील, तर अनिकेत ज्या कुमुदला भेटला ती त्याच्या सांगलीची कुमुदच नव्हे, आणि कोयनानगरात एका शाखेत बहीण वाचली तरी दुसऱ्या शाखेत ती ढिगाऱ्याखाली आहेच. मग कोणत्याही कृतीला वजन उरत नाही. सुसंगतीचा नियम घ्या. त्यात अनिकेत जे बोलेल ते १९६७ मध्ये बोलले गेलेलेच आहे, आणि त्याचे परिणाम त्याच्या जन्माच्या आधीपासून त्याच्या भोवती, सांगलीच्या रस्त्यांवर आहेत. ते त्याला अजून ओळखू आलेले नाहीत, इतकेच.

हे सारे पाश्चात्त्य आहे असे कोणी म्हणू नये म्हणून भागवतातली रेवतीची कथा आठवून देतो. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तेथे गायन चालू होते म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटली. त्याने मनात योजलेल्या स्थळांचे नातूपणतूही उरले नव्हते. पुढे रेवतीचा विवाह बलरामाशी झाला. दोन निरनिराळ्या काळांतल्या वधूवरांची याहून जुनी कथा मला माहीत नाही. मात्र त्या कथेत रेवतीला काय वाटले याबद्दल कोणी एक ओळही लिहिलेली नाही, आणि आपल्या आराखड्यातही कुमुदला काय वाटते हे मला दिसले नाही.

प्रतिसाद २ : जुना दक्षिण सातारा

शेवटाबद्दल बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण तपशिलात चुका राहू नयेत म्हणून काही गोष्टी सांगतो. १९६७ साली पुणे-मिरज लोहमार्ग मीटरगेज होता, तेव्हा कोणी पुण्याहून येणार असेल तर त्या छोट्या गाडीनेच येईल. सांगली जिल्ह्याला हे नाव १९६० पासूनचे. त्याआधी तो दक्षिण सातारा होता, आणि कुमुदच्या वडिलांच्या वयाची माणसे बोलताना सहज तेच नाव घेतील. अनिकेतने 'बारावी' म्हटले तर कुमुदला कळणार नाही, कारण त्या काळी अकरावीला एस.एस.सी. होऊन थेट महाविद्यालयात जात असत. विद्यापीठ मात्र दोघांचे एकच, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, कारण ते १९६२ साली सुरू झाले होते. आपण कथा दहा वर्षे मागे नेली असती, तर कुमुद पुणे विद्यापीठाची विद्यार्थिनी झाली असती.

नाण्यांकडे लक्ष द्या. दशमान पद्धत १९५७ पासून आलेली असल्यामुळे रुपया आणि पैसा हे शब्द दोघांचे सारखे आहेत, परंतु अनिकेतच्या खिशातल्या प्रत्येक नाण्यावर त्याचे वर्ष छापलेले आहे. मोबाइलला मनोरा नाही म्हणून तो गप्प राहील. नाणे गप्प राहणार नाही.

प्रतिसाद ३ : माहेर सांगलीवाडी

मी त्या वर्षी सांगलीत शिकत होते. ११ डिसेंबरच्या पहाटे फडताळातली पितळेची भांडी खाली आली, त्या आवाजाने मी जागी झाले आणि आम्ही सारी जणं उजाडेपर्यंत शाली पांघरून अंगणात बसून होतो. कोयनेकडे काय झाले आहे हे त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते. तुमची कथा मी म्हणूनच दोनदा वाचली.

पहिली गोष्ट भाषेची. तुमच्या आराखड्यावरून असे दिसते की दोघे भेटताच एकमेकांशी मोकळेपणाने बोलू लागतात. तसे होणार नाही. आमच्या वर्गात मुली पुढच्या बाकांवर बसत, तास नसेल तेव्हा मुलींच्या खोलीत थांबत, आणि वर्गातल्या मुलाशी बोलण्याची वेळ आलीच तर त्याला 'तुम्ही' म्हणत. तीन वर्षे एका वर्गात काढूनही आम्ही कित्येकांना 'तुम्ही' म्हणतच निरोप घेतला. अनिकेत आजचा मुलगा आहे, त्याच्या तोंडून पहिल्याच वाक्यात 'तू' येणार, आणि अनोळखी तरुणाने पुलावर भर दिवसा 'तू' म्हटल्यावर कुमुद मान वळवून चालू लागणार. त्याला आपण काय चूक केली हे कळणारही नाही. काळाचे अंतर तुम्ही पाण्याच्या फुटांत मोजलेत, ते छान आहे, पण मराठीत ते अंतर या दोन शब्दांतही मोजता येते. ती त्याला 'तुम्ही' म्हणते आहे तोवर ती १९६७ मध्ये उभी आहे. ज्या दिवशी ती 'तू' म्हणेल, त्या दिवशी तिने पूल ओलांडला असे मी समजेन, मग ती प्रत्यक्ष सांगलीवाडीतच का उभी असेना.

दुसरी गोष्ट बहिणीची. कुमुद घरात जाऊन 'भूकंप होणार आहे' असे कधीच सांगणार नाही, कारण तिला कसे कळले, कोणी सांगितले, तो कोण, कुठे भेटला, हे चार प्रश्न पाठोपाठ येतील. तिला तसे सांगण्याची गरजही नाही. बहीण गरोदर असू द्या. पहिले बाळंतपण माहेरी होते, तेव्हा थोडी लवकर घेऊन या एवढे आईच्या मनात भरवले की झाले. शिवाय १३ सप्टेंबरला कोयनेकडे एक मोठा धक्का बसलाच होता, आणि धरणात पाणी साठू लागल्यापासून तिकडच्या लोकांना लहान धक्क्यांची सवय होऊन गेली होती. तो १३ तारखेचा धक्का तुमच्या कथेत कुठेच दिसला नाही. तुमची शेवटची भेट त्याच्या थोडीच आधी आहे. मग विचार करा : अनिकेतने डिसेंबर सांगितला होता आणि जमीन सप्टेंबरातच हादरली. त्याची तारीख चुकली का? झाले ते हेच का? आता बहिणीला आणायची गरज आहे की नाही? पाणी उतरले आहे, विचारायला कोणी नाही, आणि निर्णय एकोणीस वर्षांच्या मुलीला एकटीने घ्यायचा आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या कथेतील सर्वांत मोठा प्रसंग हा आहे आणि तो तुम्ही लिहिलेलाच नाही.

जावयाचाही विचार करा. नोकरी सोडून तो सासुरवाडीला येऊन राहणार नाही. बहीण वाचेल, तो तिथेच असेल. तिकडे दगडमातीची घरे होती. तो गेला, तर आपण बहिणीला आणले आणि त्याला आणले नाही, हे कुमुद कोणापाशी बोलेल?

आणि तिसरी गोष्ट, जी वाचून मला खरोखर वाईट वाटले. भूकंपाचे सांगावे की नाही, याबद्दल अनिकेत तीन महिने तळमळतो. पण पूर ओसरल्यावर तो सप्टेंबरमध्ये कुमुदला भेटतो तेव्हा काय बोलतो? हरभट रोडवर पाणी, सांगलीवाडी पाण्यात, सारे सांगून मोकळा होतो, कारण त्याचे मन भरून आलेले असते. ते सांगताना त्याने क्षणभरही विचार केलेला नाही. भूकंपाचे ओझे कुमुदने तीन महिने वाहायचे आहे. पुराचे तिने ५२ वर्षे वाहायचे आहे. आपल्या माहेरच्या घरात कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पाणी शिरणार, हे ठाऊक असलेली बाई त्या घरात लग्नकार्ये कशी करेल, भावाला वरचा मजला चढवायला कोणत्या तोंडाने सांगेल, २००५ ला पाणी आले तेव्हा 'हे ते नव्हे' असे मनात म्हणून दारात उभी राहील तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय असेल? तुम्ही विचारता की शेवटी ती इकडे येईल की तो तिकडे राहील. ती येणारच आहे. एकेक वर्ष करीत, पायी चालत येणार आहे, आणि २०१९ ला पोहोचेल तेव्हा ती ७१ वर्षांची असेल.

कृष्णाकाठचा वाचक

आपला प्रतिसाद वाचल्यावर मी दोन दिवस काहीच लिहिले नाही. सर्वांचे मनापासून आभार मानतो आणि काय ठरवले ते सांगतो.

चढत्या पाण्याची आणि तारखेची अट घातली आहे. भूतकाळ बदलणार नाही. बहीण नवरात्रानंतर माहेरी येईल, तिचे यजमान येणार नाहीत, आणि १३ सप्टेंबरच्या रात्रीचे एक स्वतंत्र प्रकरण होईल, ज्यात अनिकेत कुठेही नसेल.

महापुराचे प्रकरण आता असे होईल. ऑगस्टमध्ये अनिकेत मदतीसाठी सांगलीवाडीच्या बाजूला जातो. तिथे एका घरातील माणसांनी आठवडाभर आधीच धान्य, गाद्या, कागदपत्रे सारे वर नेऊन ठेवलेले असते, आणि शेजारच्या दोन घरांचेही नेलेले असते, कारण घरातल्या आत्याबाईंनी जुलैपासून हट्टच धरला होता. त्या आत्याबाई होडीत त्याच्या शेजारी बसतात, त्याच्याकडे बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, "भिजलास ना?" कोणत्याही वृद्ध बाईने कोणत्याही मुलाला म्हणावे, तसे. तो हो म्हणतो. पुढे काही बोलणे होत नाही. तो त्यांना ओळखत नाही, आणि त्या त्याला काही सांगत नाहीत, कारण त्याची आणि कुमुदची सप्टेंबरची भेट अजून व्हायची आहे, हे त्यांना ठाऊक आहे.

सप्टेंबरमध्ये तो पूल ओलांडतो आणि कुमुदला पुराबद्दल सारे सांगतो. बोलता बोलता त्या घराचे आणि त्या आत्याबाईंचेही सांगतो, त्या काय म्हणाल्या तेही सांगतो. घर कोणत्या बोळात, दारात कोणते झाड, हे कुमुद शांतपणे विचारून घेते. आपल्याला कळले आहे हे ती त्याला कळू देत नाही. पाणी चढत असते, पाऊस सुरू होतो, आणि तो जायला निघतो तेव्हा तीन महिने त्याला 'तुम्ही' म्हणणारी कुमुद पहिल्यांदा 'तू' म्हणते. तेच दोन शब्द. तो पुलाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत त्याला ते कळत नाही.

पुढचे लिहिणार नाही. त्यानंतर तो सांगलीवाडीच्या त्या घरी गेला की नाही, हे वाचकावर सोडतो.

माहेर सांगलीवाडी

तुम्ही हे लिहाल याची मी वाट पाहीन. एकच सूचना करते. होडीतल्या प्रसंगात लिहिण्याच्या ओघात तुमच्याकडून 'भिजलास ना, बाळ?' असे लिहिले जाईल, कारण आमच्या वयाच्या बायका तसेच म्हणतात आणि कानाला ते बरोबर वाटते. तिने तिथे 'बाळ' म्हणू नये. अनिकेतच्या ते लक्षात यायचे नाही, पण होडीत तिची भाची बसलेली असेल. तिने मात्र चमकून आत्याकडे पाहू द्या.